कोचला खेळ यायला हवा का?

आठ वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर डॉ. अतुल गावंडे यांच्या लक्षात आलं, की आपली प्रगती थांबली आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या रुग्णांमधल्या गुंतागुंतीचं प्रमाण कमी कमी होत गेलं आणि मग एका जागी स्थिरावलं. हात बसला होता, नाव झालं होतं, चुकतंय असं काही दिसत नव्हतं. गावंडे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. डॉक्टरी करायला ते अमेरिकेत गेले आणि मुलगा बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये सर्जन झाला. हात बसला आणि नाव झालं की बहुतेक डॉक्टर स्वतःवर समाधानी होतात. गावंडे यांनी मात्र रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनांना गळ घातली. निवासी डॉक्टर असताना गावंडे त्यांच्याकडे शिकले होते. माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये या आणि मी काम करताना मला बघा, एवढीच विनंती होती.

ऑस्टीन आले, काही न बोलता उभे राहिले. गावंडे यांच्या मते शस्त्रक्रिया उत्तम झाली. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बरंच काही टिपलेलं होतं. रुग्णाच्या अंगावरची कापडं गावंडे यांना सोयीची पडतील अशी लावली होती, पण समोर उभ्या असलेल्या सहायकाला त्यामुळे हात घालायला जागाच उरली नव्हती. मध्येच दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ ते आजूबाजूच्या उजेडावर काम करत होते. त्यांचा कोपर अधूनमधून खांद्यापर्यंत वर जात होता. कोपर हवेत असला की हातात नेमकेपणा राहत नाही. तो उचलावासा वाटला तर पाय हलवायचे किंवा हत्यार बदलायचं. वीस मिनिटांच्या त्या बोलण्यातून गेल्या पाच वर्षांत मिळालं नव्हतं इतकं सुधारण्याजोगं हाती लागलं, असं गावंडे यांनी २०११ साली ‘द न्यू यॉर्कर’मधल्या लेखात लिहिलं.

व्यावसायिक कोचिंगचा हा एक नमुना. इथे कोचला तो खेळ येतो, किंबहुना समोरच्यापेक्षा अधिक येतो. त्याची नजर तयार असते. ज्याला आपण कोच म्हणून लहानपणापासून ओळखतो तो हाच. शिवाजी पार्कवर क्रिकेटचे कोच रमाकांत आचरेकर सर नेटच्या मागून बघत आणि पायाची हालचाल चुकली की तिथल्या तिथे सांगत. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्तम खेळणं आणि खेळ उत्तम दिसणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

दुसरा नमुना याच्या अगदी उलट दिशेचा आहे. कंपन्यांमध्ये आज जे कोचिंग चालतं, त्याचा बराचसा वंश त्या दुसऱ्या नमुन्यापर्यंत जातो.

टिमोथी गॅलवे हे हार्वर्डच्या टेनिस संघाचे एकेकाळचे कर्णधार. कॅलिफोर्नियात टेनिस शिकवताना त्यांना दिसलं, की आपण जितक्या सूचना कमी करतो तितका विद्यार्थी लवकर शिकतो. ‘मनगट घट्ट ठेव, खांदा वळव, गुडघा वाकव’ हे ऐकून खेळाडूच्या डोक्यात एक हुकूम सोडणारा आवाज तयार होतो आणि शरीर त्या आवाजापुढे अवघडून जातं. मग त्यांनी सूचना बंद केल्या. चेंडूनं टप्पा घेतला की ‘बाउन्स’ म्हणायचं, रॅकेटला लागला की ‘हिट’ म्हणायचं, बस. लक्ष चेंडूवर गुंतलं की डोक्यातली बडबड थांबते आणि फटका आपोआप सुधारतो. १९७४ साली आलेल्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या त्यांच्या पुस्तकाचा खेळाडूंइतकाच व्यवस्थापकांवरही परिणाम झाला.

गॅलवेंची पद्धत ब्रिटनमध्ये नेणारे जॉन व्हिटमोर १९६५ साली युरोपीय सलून कार शर्यतींचे विजेते होते. त्यांनी सांगितलेला एक किस्सा या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. एकदा टेनिस शिकायला आलेली माणसं जास्त झाली आणि टेनिसचे कोच कमी पडले. तेव्हा या पद्धतीत तयार झालेल्या स्कीइंगच्या कोचना टेनिसचे कपडे घालून, काखेत रॅकेट देऊन मैदानात उतरवलं. अट एकच, रॅकेट वापरायची नाही. त्यांना टेनिस येत नव्हतं. तरीही त्यांचं काम टेनिसच्या कोचइतकंच चांगलं झालं, एक-दोनदा तर सरस ठरलं. व्हिटमोर यांनी कारण दिलं ते असं: टेनिसच्या कोचला तंत्रातली ठरावीक चूक दिसते आणि तो ती दुरुस्त करायला धावतो. स्कीच्या कोचला ती चूक दिसतच नाही. तो खेळाडूला विचारत राहतो आणि खेळाडूला स्वतःचं शरीर कळू लागतं.

एका टोकाला ऑस्टीन, दुसऱ्या टोकाला टेनिस न येणारा स्कीचा कोच. कोचिंगचे जितके म्हणून पंथ आहेत ते या दोन टोकांच्या मध्ये कुठे ना कुठे बसतात. माझं मत असं, की कोच निवडताना त्याच्या पंथाचं नाव विचारण्याआधी आपण कुठल्या टोकाला आहोत हे ठरवावं. जे अडतंय ते आपल्याला दिसूच शकत नाही का? तर तयार नजरेचा माणूस हवा. जे अडतंय ते आपल्याला अर्धवट ठाऊक आहे, पण उलगडत नाही का? तर प्रश्न विचारणारा हवा, आणि त्याला आपला धंदा येत नसला तरी चालेल.

व्हिटमोर यांचं ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ हे पुस्तक १९९२ साली आलं आणि ‘ग्रो’ ही चौकट जगभर पोचली. ती घडवण्यात ग्रॅहम अलेक्झांडर आणि अॅलन फाइन यांचाही हात होता. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार असे तिचे चार टप्पे. ऐकायला सोपं आहे, म्हणूनच ते वाईट तऱ्हेनं फार वापरलं जातं. एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्यातले उत्पादन विभागाचे प्रमुख कोचकडे आले आहेत. तक्रार एकच: माझी माणसं जबाबदारी घेत नाहीत.

“तीन महिन्यांनी काय वेगळं दिसायला हवं?”

“रात्रपाळीत मशीन बंद पडलं तर मला फोन येऊ नये.”

“गेल्या महिन्यात किती आले?”

इथे ते थांबतात, खिशातून मोबाइल काढून बघतात. अकरा.

“त्यातल्या किती वेळा तुम्ही असं काही सांगितलंत जे सुपरवायझरना ठाऊक नव्हतं?”

“दोनदा. फार तर तीनदा.”

“मग बाकीचे फोन कशासाठी?”

बराच वेळ शांतता. “न विचारता निर्णय घेतला तर सकाळी मी चिडतो. म्हणून.”

सगळं काम सद्यस्थितीच्या टप्प्यात झालं, हे बघा. कच्चा कोच ध्येय ऐकलं की लगेच पर्यायांकडे धावतो: प्रशिक्षण द्या, अधिकार वाटून द्या, बैठक घ्या. आकडा विचारायचा, प्रसंग विचारायचा आणि समोरचा गप्प बसला की आपणही गप्प बसायचं, यात खरं कसब आहे. ते शिकायला वर्षं लागतात.

पण समजा, या साहेबांनी निर्धार केला, सुपरवायझरना अधिकार दिले, आणि महिन्याभरात फोन पुन्हा सुरू झाले. कारण रात्री अकराला तेच फोन करून ‘सगळं ठीक ना?’ विचारू लागले. कळतं, पण वळत नाही. इथे ‘ग्रो’ अपुरी पडते. हार्वर्डचे रॉबर्ट केगन आणि लिसा लाहे यांनी २००९ साली ‘इम्युनिटी टू चेंज’ या पुस्तकात मांडलेली पद्धत नेमकी इथे उपयोगी येते. कागदावर चार रकाने आखायचे. पहिल्यात, मला काय बदलायचं आहे. दुसऱ्यात, त्याच्या विरोधात जाणारं मी रोज काय करतो; आपले साहेब लिहितील, रात्री अकराला फोन. तिसऱ्या रकान्याला वेळ लागतो. तो फोन केला नाही तर मला कशाची भीती वाटते? ‘माझ्यावाचून काम चाललं, तर माझी गरज काय, असं वरच्यांना वाटेल.’ म्हणजे या माणसाला माणसं तयार करायची आहेत आणि त्याच वेळी आपण अपरिहार्यही राहायचं आहे. एक पाय अॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर. चौथ्या रकान्यात त्यामागचं गृहीतक येतं आणि कोच ते खोटं ठरवण्याच्या फंदात पडत नाही. तो एक लहान प्रयोग ठरवायला सांगतो: एक आठवडा फोन करायचा नाही आणि खरोखर काय घडतं ते लिहून ठेवायचं. मला स्वतःला सगळ्या पद्धतींमध्ये ही सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण न बदलणाऱ्या माणसाला ती आळशी ठरवत नाही.

याच माणसाकडे इतर पंथ वेगळ्या दारानं येतील. मिलवॉकीमध्ये १९७८ साली इन्सू किम बर्ग आणि स्टीव्ह डी शेझर या दांपत्यानं कौटुंबिक उपचारांचं केंद्र काढलं. तिथे तयार झालेली उत्तरकेंद्री पद्धत समस्येच्या मुळात शिरतच नाही. ज्या रात्री मशीन बंद पडलं आणि तरी फोन आला नाही, त्या रात्री काय वेगळं होतं? अशी एखादी रात्र असतेच, आणि तिथून धागा पकडायचा. अल्बर्ट एलिस यांच्या विचारातून आलेली बोधात्मक पद्धत घटना आणि परिणाम यांच्यामधली समजूत तपासते. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसशास्त्र अनेकांच्या परिचयाचं आहे, त्यामुळे त्यावर इथे रेंगाळत नाही.

वरिष्ठ अधिकाऱ्यांचे कोच मार्शल गोल्डस्मिथ यांची रीत आणखी निराळी. ते साहेबांपेक्षा त्यांच्या सुपरवायझरांकडे अधिक बघतील. सुधारायची एखादी सवय ठरवायची, आजूबाजूच्या माणसांना ती उघड सांगायची, आणि दर महिन्याला त्यांच्याकडून पुढच्यासाठी सूचना मागायच्या. मागच्या चुकांचा हिशेब काढायचा नाही आणि सूचना ऐकून वाद घालायचा नाही, फक्त आभार मानायचे. बदल झाला की नाही याचा निकाल ती माणसंच देतात. तो निकाल अनुकूल लागला नाही तर गोल्डस्मिथ मानधन घेत नाहीत. वरिष्ठांच्या कोचिंगमध्ये याहून खरी कसोटी मला दिसलेली नाही. साहेब स्वतः खूश होणं सोपं असतं, हाताखालच्यांना फरक जाणवणं अवघड.

पद्धत ही एक बाजू झाली, क्षेत्र ही दुसरी. वरिष्ठ अधिकाऱ्यांचं कोचिंग, करिअर बदलणाऱ्यांचं, शिक्षकांचं, आरोग्याचं, संघाचं, लक्ष एकाग्र न होण्याचा विकार असलेल्या प्रौढांचं अशा शाखा आता पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा नावानंच वेगळ्या आहेत. दोन मात्र खरोखर वेगळं कौशल्य मागतात.

एक आरोग्याची. ‘गोड सोडा, चाला, वजन कमी करा’ हे मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णानं ऐकलेलं असतं. आपण जितका आग्रह करतो, तितकी समोरून ‘हो, पण’ची यादी वाढते. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी दारूच्या व्यसनावर काम करताना हे पाहिलं आणि १९८३ साली प्रेरक संवादाची पद्धत पहिल्यांदा मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी ती विकसित केली. त्यातला एक प्रश्न घरीसुद्धा करून बघण्यासारखा आहे. “काका, रोज चालायला जाणं तुम्हाला शून्य ते दहात किती महत्त्वाचं वाटतं?” काका म्हणतात, चार. आपल्या तोंडावर येतं, ‘चारच का?’ आणि मग काका गुडघेदुखीपासून भटक्या कुत्र्यांपर्यंत सगळी कारणं देतात. तयार कोच विचारतो, “चार का? दोन का नाही?” आता काकांना चालण्याच्या बाजूनं बोलावं लागतं. “डोळ्यांचं कळलं ना परवा डॉक्टरांकडे. आणि नातीच्या लग्नात उभं राहायचंय.” माणूस दुसऱ्याच्या उपदेशापेक्षा स्वतःच्या तोंडून निघालेल्या कारणानं अधिक हलतो, या एका निरीक्षणावर सगळी पद्धत उभी आहे.

दुसरी शाखा संघाची. इथे मुद्दा वेळेचा आहे. रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेजमन या संशोधकांनी २००५ साली मांडलं, की संघाला काय द्यायचं हे तो कामाच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं. सुरुवातीला उमेद आणि कामाची स्पष्टता, मध्यावर कामाच्या रीतीचा फेरविचार, आणि काम संपल्यावर त्यातून काय शिकलो याची उजळणी. काम ऐन रंगात असताना ‘आपण कुठे चुकलो’ याची चर्चा लावणारा कोच संघाचा वेळ खातो. आपल्याकडे मात्र तेव्हाच कार्यशाळा ठेवतात. संघातली भांडणं मिटवण्यासाठी सहलीला नेणारेही पुष्कळ आहेत. हॅकमन यांचा अनुभव असा, की भांडणामागे बहुतेक वेळा धूसर काम आणि चुकीची रचना असते. सहलीनं ती सुधारत नाही.

खेळात तर दोन्ही टोकं आता एकाच तंबूत राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेश अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. पोलंडचे ग्रँडमास्टर गजेव्स्की त्याच्या पटावरच्या तयारीचे प्रमुख होते. सोबत दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अप्टन होते. २०११ साली वानखेडेवर विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते मानसिक तयारीचे कोच होते. अप्टन गुकेशला चाल सुचवू शकत नव्हते. पहिलाच डाव हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पटासमोर कसं बसायचं, झोप कशी सांभाळायची, डाव लांबला तर मन कुठे ठेवायचं, हे त्यांचं क्षेत्र. एकाचं काम दुसऱ्याला करता आलं नसतं आणि दोघांनाही आपली हद्द ठाऊक होती.

मग कुठली पद्धत सर्वांत गुणकारी? मानसोपचारात हा वाद १९३६ सालापासून चालू आहे. मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी तेव्हाच म्हटलं होतं, की निरनिराळ्या पद्धतींचे परिणाम सारखेच दिसतात, कारण गुण पद्धतीचा नसून सगळ्यांत समान असलेल्या गोष्टींचा असतो. कोचिंगच्या बाबतीत एरिक डी हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी साधारण तेच दाखवलं. कोच आणि त्याच्याकडे येणारा माणूस यांच्यातलं नातं किती पक्कं आहे, काय साधायचं यावर दोघांचं किती एकमत आहे, यांचा परिणाम पद्धतीच्या नावापेक्षा जास्त दिसतो. ज्यांनी हजारो रुपये भरून एखाद्या पद्धतीचं प्रमाणपत्र घेतलं त्यांना हे कटू लागतं. मला ते दिलासा देणारं वाटतं. ऑस्टीन आणि तो स्कीचा कोच यांच्यात सारखं काय होतं? दोघंही समोरच्याकडे मनापासून लक्ष देत होते आणि दोघांनाही स्वतःची हुशारी दाखवायची घाई नव्हती.

धोका मात्र खरा आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी २००२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये इशारा दिला होता, की मानसशास्त्राचं शिक्षण नसलेले कोच खोलवरच्या त्रासाला कामाच्या सवयीचा प्रश्न समजतात आणि माणसाचं नुकसान करतात. रात्र रात्र झोप नसलेल्या, जेवण तुटलेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाला ध्येयाचे चार टप्पे देणं क्रूर आहे. त्याला डॉक्टर हवा. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यकीय पदवी लागते. कोच म्हणवून घ्यायला कायद्यानं काहीही लागत नाही. परवा पाटी लावलेला माणूसही कोचच.

म्हणून व्यवसायातल्या संस्थांनी स्वतःच काही मोजमाप ठरवलं. थॉमस लेनर्ड या अमेरिकी आर्थिक सल्लागारानं १९९५ साली स्थापन केलेली संस्था आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून ओळखली जाते. तिच्या पहिल्या पायरीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, दुसरीला १२५ आणि ५००, सर्वांत वरच्या पायरीला २०० आणि २,५००. तासांवरून शहाणपण मोजता येत नाही हे खरं. तरी २,५०० तास दुसऱ्याचं ऐकलेला माणूस आणि शनिवार-रविवारचं शिबिर करून आलेला माणूस यांत फरक असणारच.

कंपनी पैसे देते तेव्हा आणखी एक पेच असतो. कोचचं मीठ कंपनीचं आणि गुपित मात्र कर्मचाऱ्याचं. ‘मला नोकरी सोडायची आहे’ असं तुम्ही खोलीत म्हणालात, तर ते बाहेर जाईल का? चांगला कोच पहिल्या भेटीआधी तुम्ही, तुमचे वरिष्ठ आणि तो असे तिघं बसून ठरवतो: ध्येय काय ते तिघांना माहीत असेल, किती भेटी झाल्या ते कंपनीला कळेल, भेटीत काय बोलणं झालं ते कुणालाही कळणार नाही. हे लेखी नसेल तर तोंड जपून उघडावं.

तुमच्यावर कोच निवडायची वेळ आली, तर त्याच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांआधी त्याला तीन गोष्टी विचारा. मी काम करताना तुम्ही मला बघणार आहात, की फक्त माझ्याकडून ऐकणार आहात? सहा महिन्यांनी फरक पडला की नाही, हे कोण सांगणार? आणि गेल्या वर्षभरात कुणाला ‘हे माझं काम नाही, तुम्ही डॉक्टरांकडे जा’ असं सांगितलंत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं नाही, तर दुसरा कोच शोधा.